जिभेची जनुके आणि कमरेचा घेर

आलेले पत्र

"मी ३८ वर्षांची असून नाशिकला राहते. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर. माझी धाकटी बहीण आणि मी एकाच आईच्या हातचे खाऊन वाढलो; ती सडपातळ राहिली आणि मी पंचविशीपासून जाड होत गेले. गेल्या महिन्यात एका कंपनीकडून लाळेची जनुकीय चाचणी करून घेतली. अहवालात म्हटले आहे की टीएएस२आर३८ या जनुकामुळे मला कडू चव कळत नाही, आणि सीडी३६ या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रती 'स्निग्धतेची जाणीव कमी' असलेल्या आहेत, त्यामुळे माझा कल तेला-तुपाकडे राहील व अंगात चरबी साठण्याचा धोका जास्त आहे. त्याच कंपनीने आता 'तुमच्या जनुकांना साजेसा' असा सहा महिन्यांचा आहार-कार्यक्रम सुचवला आहे, तो बराच महाग आहे. खरे सांगायचे तर अहवाल वाचून मला थोडे हायसेही वाटले, कारण आजवर सगळे मलाच खादाड म्हणत आले. पण कारले मला चांगले कडू लागते; मग अहवाल चुकीचा आहे का? कार्यक्रम घ्यावा का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची चाचणी करून घ्यावी का? ती कोबी आणि मुळा यांना हात लावत नाही."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण कारल्याचा प्रश्न ओघात विचारला असला तरी सुरुवात तिथूनच करते, कारण या अहवालाची मर्यादा त्या एका प्रश्नात स्पष्ट दिसते. अहवालातील जनुकाची नोंद बहुधा बरोबर असेल. त्या नोंदीवरून काढलेले वाक्य मात्र चुकीचे आहे. माणसाला कडू चव ओळखण्यासाठी एक नव्हे, तर सुमारे २५ निरनिराळी ग्राहक प्रथिने (म्हणजे चवीचे रसायन धरून ओळखणारी प्रथिने) मिळालेली आहेत, आणि त्या प्रत्येकाचे जनुक वेगळे आहे. टीएएस२आर३८ हे त्यांपैकी फक्त एक. ते ज्या रसायनांना प्रतिसाद देते त्यांत नायट्रोजन, कार्बन आणि गंधक यांची एक विशिष्ट जोडणी असते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी या एकाच कुळातील वनस्पतींमध्ये तशी संयुगे सापडतात. कारल्याचा कडूपणा निराळ्या कुळातील, निराळ्या रसायनांचा आहे आणि तो ओळखणारी ग्राहक प्रथिनेही दुसरी आहेत. त्यामुळे या एका जनुकाचे 'न कळणारे' रूप असूनही कारले, कडुनिंबाचा पाला किंवा क्विनाइनची गोळी आपल्याला कडूजहर लागू शकते, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

या जनुकाची गोष्ट एका अपघाताने सुरू झाली. १९३१ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी, नावाची पूड हाताळत असताना ती थोडी हवेत उडाली. जवळच असलेल्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली आणि फॉक्स यांना तर काहीच चव लागली नव्हती. हा भेद घराण्यांतून उतरतो हे लवकरच लक्षात आले. आपल्याकडील मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनीही अनेक जाती-जमातींमध्ये ही चाचणी घेतली, आणि जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पीटीसी लावलेला कागद जिभेवर ठेवल्याची आठवण जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींना अजून असेल. २००३ मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने यामागचे जनुक सातव्या गुणसूत्रावर शोधून काढले. या प्रथिनातील अवघ्या तीन ठिकाणी अमिनो आम्ले बदलली की 'चव कळणारे' रूप 'न कळणारे' होते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तीनांपैकी एकाला पीटीसीची चव लागत नाही. म्हणजे आपण यात एकट्या नाही, आणि हा दोषही नव्हे.

आता वजनाकडे वळू. या विषयावर मानवी अभ्यासांत पीटीसीऐवजी प्रोपिलथायोयुरासिल वापरतात (थायरॉइडच्या अतिकार्यावर दिले जाणारे हे जुने औषध आहे, आणि त्याच जनुकाच्या आधारे ते कुणाला कडू लागते, कुणाला नाही). अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या बेव्हर्ली टेपर यांनी मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास केला तेव्हा, ज्यांना ही चव कळत नव्हती त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) सरासरीने जास्त आढळला. पण हा फरक ठळक दिसला तो खाण्यावर जाणीवपूर्वक आवर न घालणाऱ्या स्त्रियांमध्ये. २०१० मध्ये अमेरिकेतील ओल्ड ऑर्डर आमिश या जुन्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती समाजात झालेल्या अभ्यासातही या जनुकाचा संबंध थेट चरबीशी नव्हे, तर समोर आलेले खाणे थांबवता न येण्याच्या प्रवृत्तीशी जोडला गेला, आणि तोही केवळ स्त्रियांमध्ये. इतर अनेक अभ्यासांत वजनाशी काहीच संबंध सापडला नाही. जो संबंध कधी दिसतो, कधी दिसत नाही, स्त्रियांत दिसतो आणि पुरुषांत विरतो, तो खोटाच असतो असे मी म्हणत नाही. पण त्याच्या बळावर एका व्यक्तीला "तुमच्या अंगात चरबी साठेल" असे लिहून देणे हे अभ्यासाच्या पुढे धावणे आहे.

यामागचा तर्क मात्र ऐकायला फार सरळ वाटतो, आणि म्हणूनच तो विकला जातो: कडू कळत नाही, म्हणून जीभ बोथट, जीभ बोथट, म्हणून गोड आणि तेलकट जास्त लागते, जास्त लागते, म्हणून जास्त खाल्ले जाते, आणि जास्त खाल्ले, म्हणून चरबी. या साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीला सैलपणे जोडलेली आहे. कॉफीचेच पाहा. ज्यांना जनुकीय कारणांमुळे कॅफिनचा कडूपणा अधिक जाणवतो, ते कॉफी कमी पीत असतील असेच कुणीही म्हणेल. परंतु २०१८ साली ब्रिटनमधील मोठ्या लोकसंख्येच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष नेमका उलटा होता, अशी माणसे कॉफी जास्त पितात. चव कळणे, चव आवडणे आणि पदार्थ खाणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये सवय, ऐपत, घरची रीत आणि वाढणाऱ्याचा आग्रह उभा असतो.

सीडी३६ चा प्रश्न अधिक रंजक आहे, म्हणून त्यावर थोडी जास्त जागा खर्च करते. आपण ज्याला 'तेलकट चव' म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर चव नसतोच. तो तोंडातील गुळगुळीत स्पर्श आणि नाकातला वास असतो. तेल-तुपातील मेद मुख्यत्वे तीन मेदाम्ले (फॅटी ॲसिड) एकत्र बांधलेल्या रूपात असतो, आणि जिभेवरील ग्राहकांना तो बांधलेला मेद नव्हे, तर सुटे झालेले मेदाम्ल जाणवते. हे सुटे मेदाम्ल एकट्याने चाखले तर अजिबात रुचकर नसते. इंग्रजीत या चवीला नाव नव्हते, म्हणून २०१५ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या रिचर्ड मॅट्स आणि सहकाऱ्यांनी लॅटिनचा आधार घेऊन 'ओलिओगस्टस' असा शब्द घडवला. आपल्याला तेवढी धडपड करायचे कारण नाही: जुने खोबरे किंवा पावसाळ्यात राहिलेले शेंगदाणे तोंडात टाकल्यावर आपण 'खवट' म्हणतो, तेव्हा तेल फुटून सुटी झालेली मेदाम्लेही आपण चाखत असतो. घरातील कुणाला खवटपणा पहिल्या दाण्याला कळतो आणि कुणी मूठभर खाऊनही काही बोलत नाही, हा अनुभव आपलाही असेल.

सीडी३६ हे मेदाम्लाला धरणारे एक प्रथिन आहे आणि रुचिकलिकांमध्ये, म्हणजे जिभेवरील चव ओळखणाऱ्या पेशींच्या गुच्छांमध्ये, ते आढळते. २०१२ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एम. यानिना पेपिनो यांच्या गटाने दाखवले की या जनुकातील एका अक्षराच्या फरकाने मेद ओळखण्याची क्षमता बदलते. अधिक प्रथिन तयार करणाऱ्या रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांना, कमी प्रथिन तयार करणाऱ्या रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांपेक्षा मेद ओळखायला आठ पटींनी कमी मेद पुरेसा होत होता. आठ पट हा आकडा मोठा आहे, आणि अशाच अभ्यासांच्या आधारे आपल्या अहवालातील वाक्य लिहिले गेले असावे. पण त्या अभ्यासात २१ व्यक्ती होत्या आणि त्या सर्वच लठ्ठ होत्या. ज्यांना मेद लगेच कळत होता त्याही लठ्ठ, ज्यांना उशिरा कळत होता त्याही लठ्ठ. या अभ्यासाने जिभेबद्दल काहीतरी खरे सांगितले. लठ्ठ कोण होईल हा त्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक गुंता आहे, जो अशा अहवालांत सहसा येत नाही. सीडी३६ फक्त जिभेवर नसते. स्नायू, हृदय, आतडे आणि प्रत्यक्ष चरबीच्या पेशी यांतही ते असते, आणि रक्तातील मेदाम्ल पेशीत घेण्याचे काम करते. तेव्हा या जनुकाच्या एखाद्या रूपाचा शरीरातील चरबीशी संबंध कुठे आढळलाच, तर तो जिभेमार्फत आला की स्नायूंमार्फत, हे नुसत्या लाळेच्या चाचणीवरून कुणालाही सांगता येणार नाही. चवीच्या इतर ग्राहकांचेही असेच आहे. गोड चव ओळखणारी प्रथिने आतड्यातील काही पेशींमध्येही सापडतात आणि जीएलपी-१ या संप्रेरकाच्या स्रवण्याशी त्यांचा संबंध २००७ मध्ये दाखवला गेला. हे तेच संप्रेरक, ज्याची नक्कल करणारी वजन कमी करण्याची इंजेक्शने सध्या चर्चेत आहेत. म्हणजे 'चवीचे जनुक' हे नावच अपुरे आहे. ते जनुक आधी जिभेवर सापडले, म्हणून त्याला ते नाव मिळाले, इतकेच.

आपल्याला जे हायसे वाटले, त्याविषयी आता लिहिते. ते वाटणे रास्त आहे, फक्त त्याचे कारण अहवालात दिले आहे ते नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांतून बीएमआयमधील फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडला गेलेला आहे. त्यामुळे सख्ख्या बहिणींपैकी एक सडपातळ आणि एक जाड असणे याचा 'खादाडपणा'शी संबंध लावणे अन्यायाचे आहे. आई-वडिलांच्या जनुकांची वाटणी प्रत्येक अपत्यात निराळी होते, बहिणी-बहिणींत सरासरीने निम्मीच जनुके समान असतात. पण हा वारसा जिभेवरच्या एक-दोन जनुकांत बसलेला नाही. २०१५ साली जवळजवळ ३ लाख ४० हजार लोकांच्या माहितीवरून बीएमआयशी संबंधित ९७ जागा जनुकसंचात नोंदवल्या गेल्या. त्या सगळ्या मिळूनही बीएमआयमधील फरकाचा फक्त २.७ टक्के भाग स्पष्ट करत होत्या, आणि त्यांच्यातून पुढे आलेला धागा मुख्यतः मेंदूकडे, भूक आणि तृप्ती यांच्या नियंत्रणाकडे जात होता. त्यातील सर्वांत प्रबळ म्हणून ओळखले जाणारे एफटीओ हे जनुक घेतले, तरी त्याच्या धोक्याच्या दोन प्रती असलेल्या प्रौढांचे वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोच जास्त असते. पोट भरल्याची सूचना आपल्याला बहिणीपेक्षा उशिरा मिळत असेल, हे अगदी शक्य आहे. ती उशिरा मिळते म्हणून कुणी आपल्याला खादाड म्हणू नये, एवढे आपण घरी ठामपणे सांगू शकता.

आपल्या आकड्यांबद्दल. ६६ किलो आणि १५७ सेंटिमीटर यांवरून बीएमआय २६.८ येतो. भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. या दोहोंपैकी मला कमरेच्या ८८ची काळजी अधिक वाटते, आणि त्याला कारण पुण्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखेच. आपण मराठी माणसे दिसायला बारीक असूनही आतून चरबी बाळगणारी असू शकतो, आणि ती पोटात, यकृताभोवती साठते. त्यामुळे कृपा करून कमर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातील चरबी) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करून घ्या. पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आपल्या सडपातळ बहिणीनेही कमर मोजून पाहिली तर वाईट नाही. या सगळ्याचा खर्च त्या आहार-कार्यक्रमापेक्षा बहुधा कमीच येईल, आणि यातील प्रत्येक आकड्यावर काही करता येते.

कार्यक्रम घेऊ नका, असेच मी सांगेन. त्यात जे सांगितले जाईल ते बहुधा तेल कमी, साखर कमी, भाज्या-डाळी जास्त असेच असेल, आणि ते कोणत्याही जनुकाच्या माणसाला लागू आहे.

त्याऐवजी एक गोष्ट करून पाहा, जी जिभेच्या शास्त्रातूनच निघते. अहवालाने आपल्याला असे सुचवले की जीभ ठरवते आणि शरीर तसे घडते. उलट दिशेचा पुरावा त्याहून भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठात लोकांना चार आठवडे कमी मेदाचा आहार दिला, तेव्हा सडपातळ आणि जाड अशा दोघांनाही मेदाम्लाची चव पूर्वीपेक्षा लवकर कळू लागली. साखरेच्या बाबतीत २०१६ मधील एका प्रयोगात, तीन महिने साखर कमी केलेल्यांना तोच पदार्थ अधिक गोड लागू लागला. तो अधिक आवडू लागला, असे मात्र झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि कॉर्नेल विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांना आठ आठवडे मेदयुक्त खाद्य देऊन लठ्ठ केले, तेव्हा त्यांच्या रुचिकलिका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. लठ्ठ न होणाऱ्या जातीच्या उंदरांना तेच खाद्य दिले असता त्या कमी झाल्या नाहीत. उंदरांचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावू नयेत, परंतु लठ्ठपणामुळे जीभ बोथट होणे ही शक्यता, बोथट जिभेमुळे लठ्ठपणा येण्याइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

म्हणून घरी येणाऱ्या तेलाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा आणि ती संपली की ती तारीखही टिपा. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी असतात. ते किती दिवस पुरते हे कळले की कल्पनेला वाव राहत नाही. नेहमीचा एक लिटर जितके दिवस जातो त्याच्या दीडपट दिवस जाईल, असा प्रयत्न चार-सहा आठवडे करा. पहिल्या आठवड्यात भाजी कोरडी वाटेल, आमटीवर तवंग नाही म्हणून घरचे कुरकुरतील. फोडणी पूर्ण बंद करू नका, कारण स्वाद तिथूनच येतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता यांना तडतडायला एक चमचा तेल पुरते. सहाव्या आठवड्यानंतर बाहेरची भजी खाऊन पाहा. ती पूर्वीपेक्षा तेलकट लागली तर जीभ हलते, हे आपल्याला आपल्याच तोंडात कळेल, आणि सीडी३६ च्या प्रती तेव्हाही त्याच असतील.

शेवटी मुलीविषयी. तिची चाचणी करू नका. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती 'चरबीचा धोका' असे लिहिलेला कागद देण्यातून काहीही चांगले होणार नाही. शिवाय तिच्या टीएएस२आर३८ ची निम्मी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक आहे: आपल्या दोन्ही प्रती 'न कळणाऱ्या' असतील तर तिला आपल्याकडून तीच प्रत मिळाली आहे. वडिलांकडून 'कळणारी' प्रत आली असेल, तर तिला कोबी आणि मुळा यांतील कडूपणा लागतो आणि आपल्याला तो लागत नाही. अशी एक-एक प्रत असलेली मुले त्याच प्रतींच्या प्रौढांपेक्षाही कडूपणाला जास्त संवेदनशील असतात, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील ज्युली मेनेला यांच्या गटाने दाखवले आहे. म्हणजे ती नखरे करत नसून, आपण कधी चाखलीच नाही अशी एखादी चव तिच्या ताटात असेल. आपल्याला ती चव पडताळता येणार नाही, म्हणून यापुढे मुळ्याची भाजी केल्यावर चव पाहायला तिच्या वडिलांना बोलवा. भाजीतले मीठ कडूपणा दाबते, म्हणून ते शेवटी न घालता आधीच नीट मुरू द्या. मुळा किसून दह्यात कालवा, कोबी बारीक चिरून ओल्या खोबऱ्यासोबत द्या, आणि एक-दोन घासांपलीकडे आग्रह न करता तीच भाजी आठ-दहा वेळा ताटात येऊ द्या.